लाभ, दोन, तीन

अण्णा बायबलातलं गणनेचं पुस्तक वाचायचे तेव्हा एकही आकडा गाळायचे नाहीत. आमच्याकडे रोज रात्री जेवणाआधी घरची उपासना व्हायची, एक गीत, एक अध्याय, प्रार्थना, आणि पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून ओळीने चालायचं, त्यामुळे उत्पत्तीतल्या गोष्टी संपल्या, निर्गमात समुद्र दुभंगून झाला की पुढे लेवीय आणि गणना हे दोन घाट चढावेच लागायचे. रऊबेन वंशाचे ४६,५००. शिमोन वंशाचे ५९,३००. गाद वंशाचे ४५,६५०. स्वयंपाकघरातून पिठल्याचा वास यायचा आणि आम्ही तिघं भावंडं पेंगायला लागायचो. आई हळूच म्हणायची, अहो पोरं झोपली, तेवढे आकडे सोडा की आज. अण्णा चष्म्यावरून बघायचे नि म्हणायचे, "अगं, माणसं आहेत ती. कुणाला सोडू?"

अण्णा नगर जिल्ह्यातल्या एका दगडी चर्चमध्ये सेवक होते. पाळकसाहेब वेगळे, ते उपदेश करायचे, प्रभुभोजन द्यायचे, बाप्तिस्मा करायचे. अण्णा घंटा वाजवायचे, सतरंज्या झटकून अंथरायचे, पेटीवरची धूळ पुसायचे, गीतांची पुस्तकं मोजून कपाटात ठेवायचे, आणि दिवाळीनंतर तीन दिवसांच्या आत्मिक सभा असायच्या तेव्हा मंडप घालायला सगळ्यात आधी हजर. मेखा कुठल्या पोत्यात, तणावे किती, बांबू कुणाच्या शेडमध्ये, हे फक्त त्यांना माहीत. म्हणूनच असेल, गणनेचा तिसरा नि चौथा अध्याय आला की त्यांचा आवाज बदलायचा. तिथे लेवी लोकांची मोजणी आहे. तिथे मेखा आणि तणावे आहेत.

आता मी पन्नाशी ओलांडली, अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्या दोन-तीन अध्यायांनी मला असं काही धरून ठेवलंय की त्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तर प्रसंग असा. इस्राएल लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटून सीनायच्या रानात तळ देऊन आहेत. सुटकेनंतरच्या दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी देव त्यांचा पुढारी मोशे याला सांगतो की सगळ्यांची मोजदाद कर. वीस वर्षांच्या वरचे, लढाईला जाऊ शकणारे पुरुष. आकडा येतो ६,०३,५५०. पण एका वंशाला त्यातून वगळायचं असं मोशेला बजावलेलं असतं, तो म्हणजे लेवी वंश. मोशे स्वतः त्याच वंशाचा, त्याचा भाऊ अहरोन, जो पहिला मुख्य याजक, पुरोहित म्हणा, तोही. हे लोक लढणार नाहीत, हे निवासमंडप सांभाळतील. देवाचा तंबू म्हणा ना. तळ हलला की तो उतरवायचा, वाहायचा, पुढच्या मुक्कामी पुन्हा उभा करायचा. तंबूच्या चारी बाजूंना त्यांच्याच राहुट्या, म्हणजे बाकीचे बारा वंश आणि ती पवित्र जागा यांच्यामधे माणसांची भिंत.

पण वगळलं म्हणजे मोजलंच नाही असं नाही. त्यांची वेगळी मोजणी होते, तीही दोनदा, आणि या दोन मोजण्यांमधला फरक मला फार मोलाचा वाटतो. पहिली मोजणी तिसऱ्या अध्यायात. त्यात वयाची अट काय? एक महिना. एक महिन्याच्या वरचा प्रत्येक मुलगा. लेवीला तीन मुलगे होते, त्यांची तीन घराणी: गेर्षोन ७,५००, कहाथ ८,६००, मरारी ६,२००. दुसरी मोजणी चौथ्या अध्यायात, तीस ते पन्नास वर्षांच्या पुरुषांची, म्हणजे प्रत्यक्ष ओझं उचलणाऱ्यांची. कहाथ २,७५०, गेर्षोन २,६३०, मरारी ३,२००, एकूण ८,५८०.

म्हणजे कामाची माणसं साडेआठ हजारच. मग आधी बावीस हजार कशाला मोजले? एक महिन्याचं लेकरू कुठली मेख उचलणार, त्याला स्वतःची मान धरता येत नाही. पण मोजणी त्याच्यापासून सुरू होते. आणि त्याच्याबद्दल जे शब्द वापरलेत ते असे की हे पवित्रस्थानाची राखण करणारे. पाळण्यातलं पोर, आणि त्याच्या नावापुढे राखणदार!

राशी नावाचे एक मोठे ज्यू भाष्यकार अकराव्या शतकात फ्रान्सच्या त्र्वा गावी होऊन गेले, आजही ज्यू घरांत शास्त्र वाचतात ते त्यांचं भाष्य शेजारी ठेवून. ते म्हणतात, महिना उलटला की बाळ जगणार की नाही ही शंका मिटते, म्हणून तेव्हापासून त्याची गणना राखणदारांत. आणि पुढे त्यांनी जुन्या परंपरेतली एक गोष्ट दिलीय. मोशे देवाला म्हणतो, मी लोकांच्या तंबूत शिरून अंगावर पिणारी पोरं कशी मोजू? देव म्हणतो, तू तुझं कर, मी माझं करतो. मग मोशे प्रत्येक तंबूच्या दारात जाऊन नुसता उभा राहायचा, आणि आतून आवाज यायचा, या तंबूत इतकी बाळं आहेत.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले, कारण मी त्या दारात उभी राहिलेली आहे.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. २०११ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून माझी ड्युटी होती, ९ ते २८ फेब्रुवारी, शाळा सांभाळून सकाळ-संध्याकाळ. वस्तीवरच्या एका घरी गेले, अंगणात बरीच मंडळी बसली होती, मी फॉर्म उघडता उघडता सवयीने बोट दाखवून मोजायला लागले, एक, दोन... तर ओट्यावर गहू निवडत बसलेली आजी एकदम म्हणाली, "बाई, माणसं मोजू नका अशी. मोजायचीच तर लाभ म्हणा." खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, लाभ, दोन, तीन, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण माणसांना ते लावलेलं पहिल्यांदा ऐकलं. मी लाभ म्हणून सुरुवात केली. आत खोलीत सून बाळंतीण होती, बाळ वीस दिवसांचं, वजन कमी, बारसं पुढे ढकललेलं. आजी आत बघत नव्हती, माझ्याकडेही बघत नव्हती, हळूच म्हणाली, "आत एक हाये. पन तिला इतक्यात नका धरू."

धरावं तर लागणारच होतं. मी आईच्या नावापुढे बाळ असं लिहिलं. वयाच्या रकान्यात पूर्ण झालेली वर्षं लिहायची असतात, वर्ष भरलं नसेल तर शून्य. मी ० लिहिलं.

माणसं मोजायची भीती काही आमच्या आजीपुरती नाही. इस्राएलातही ती पक्की होती. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात सांगितलंय की लोकांची शिरगणती कराल तेव्हा प्रत्येकाने आपल्या जिवाबद्दल अर्धा शेकेल (शेकेल हे चांदीचं वजन) द्यावा, म्हणजे मोजताना त्यांच्यावर मरी येणार नाही. श्रीमंताने जास्त देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये. आणि मग दावीद राजाची ती भयंकर हकिकत. त्याने हौसेने सगळ्या देशाची मोजणी काढली, सेनापती यवाब नको नको म्हणत होता तरी. नऊ महिने वीस दिवस माणसं फिरली, तलवार धरणारे इस्राएलात ८ लाख, यहूदात ५ लाख असा आकडा आणला, आणि राजाचं मन त्याला खायला लागलं. मरी आली, ७०,००० माणसं गेली. दावीद शेवटी अरवना यबूसीचं खळं ५० शेकेल रुपं देऊन विकत घेतो, तिथे वेदी बांधतो, तेव्हा ती थांबते. खळंच, बघा. धान्य मापायची जागा.

आजही अनेक ज्यू लोक प्रार्थनेला दहा जण जमले का हे बघायला एक, दोन असं मोजत नाहीत. अठ्ठाविसाव्या स्तोत्रातलं एक वचन आहे, हिब्रूत बरोबर दहा शब्दांचं, ते म्हणत जातात, एकेका माणसाला एकेक शब्द. तू आपल्या लोकांना तार, त्यांना उचलून धर, अशा अर्थाचं ते वचन.

मग दावीदाची मोजणी पाप आणि मोशेची मोजणी पुण्य, हे कसं? अण्णांना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, दावीद मोजत होता ते माझी किती आहेत बघू म्हणून, आणि मोशे मोजत होता ती ज्याची आहेत त्याला द्यायला. मला अजून यापेक्षा चांगलं उत्तर सापडलं नाही. हिब्रूत मोजण्यासाठी दोन शब्द येतात या अध्यायांत. एक पाकद, त्याचा अर्थ मोजणं, पण नेमणं, आठवण ठेवणं, भेटीला येणं हेही त्याच शब्दात. म्हातारपणी अब्राहामाच्या बायकोची, सारेची कूस उजवली तेव्हा देवाने तिची आठवण केली, तिथे हेच क्रियापद आहे. दुसरा वाक्प्रचार नासो एत रोश, शब्दशः डोकं वर उचल. आपण शिरगणती म्हणतो, डोकी मोजतो, ते लोक डोकं उचलतात. प्रत्येक माणसाचं डोकं वर करून त्याच्या तोंडाकडे बघायचं, मग पुढच्याकडे जायचं.

आता या मोजणीतलं सगळ्यात गहन प्रकरण. मिसरातल्या शेवटच्या रात्री तिथल्या घराघरांतले थोरले मुलगे मेले आणि इस्राएलांचे वाचले, त्यामुळे इस्राएलातला प्रत्येक प्रथमजन्मलेला देवाचा, असा हिशोब आहे. खरं तर सेवा त्यांनीच करायची. पण देव म्हणतो, त्यांच्याऐवजी मी लेवी घेतो, माणसाला माणूस. म्हणून सगळ्या इस्राएलातले एक महिन्याच्या वरचे थोरले मुलगे मोजले, ते भरले २२,२७३. लेवींची बेरीज २२,०००. म्हणजे बावीस हजार घरांतला थोरला मुलगा मोकळा झाला कारण त्याच्या बदली कुणीतरी उभं राहिलं. आणि उरले २७३. त्यांना बदली मिळाला नाही.

दुसरं कुठलं पुस्तक असतं तर सरासरी बावीस हजार म्हणून पुढे गेलं असतं. इथे २७३ साठी थांबलेत. प्रत्येकी पाच शेकेल, एकूण १,३६५ शेकेल, अहरोन आणि त्याच्या मुलांकडे भरायचे. पण कोणते २७३? पैसे कुणी भरायचे? तालमूदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, यावर सांगितलंय की मोशेने २२,००० चिठ्ठ्यांवर लेवी असं लिहिलं आणि २७३ चिठ्ठ्यांवर पाच शेकेल, सगळ्या एकत्र कालवल्या, आणि एकेकाला येऊन उचलायला लावल्या. मला ते चित्र डोळ्यासमोरून हलत नाही. रांग लागलीय, बाप कडेवर पोर घेऊन उभा, मडक्यात हात घालतो, चिठ्ठी उघडतो. पाच शेकेल निघाले तर घरी जाऊन बायकोला सांगत असेल, आपल्या पोराच्या जागी कुणी नव्हतं, आपणच सोडवलं त्याला. आणि लेवी निघाली तर? कुठल्यातरी तंबूतलं एक अनोळखी मूल माझ्या मुलाच्या वाटचं आयुष्य जगणार आहे.

बेरीज करणाऱ्याच्या लक्षात आलं असेल, ७,५०० अधिक ८,६०० अधिक ६,२०० म्हणजे २२,३०० होतात, बावीस हजार नाही. तीनशे कुठे गेले? शाळेत पोरांची गणितं तपासून माझी नजर तिथेच अडकली होती. अभ्यासक म्हणतात की नकलून घेताना एक अक्षर गळलं असावं, हिब्रूत तीन आणि सहा या शब्दांत एका अक्षराचाच फरक, कहाथाचे मुळात ८,३०० असतील, आणि जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत तसा आकडा आहेही. तालमूदाचं उत्तर निराळं: ते तीनशे लेवी स्वतःच थोरले मुलगे होते, आणि ज्याला स्वतःला सोडवायचंय तो दुसऱ्याला कसा सोडवणार. पहिलं उत्तर माझ्या बुद्धीला पटतं, दुसरं आत कुठेतरी जाऊन बसतं. दोन्ही ठेवलीत मी.

ही प्रथा संपलेली नाही. आजही पारंपरिक ज्यू घरात आईचा पहिला मुलगा जन्मला की एकतिसाव्या दिवशी याजक घराण्यातल्या माणसाच्या हातावर चांदीची पाच नाणी ठेवून त्याला सोडवतात. महिना भरला की.

मोजणी झाली, मग समर्पण, ते आठव्या अध्यायात. याजकांचं समर्पण आधी लेवीय पुस्तकात येऊन गेलंय, ते मोठं राजेशाही: अभिषेकाचं तेल, झगे, उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला मेंढ्याचं रक्त, सात दिवस दारातून हलायचं नाही. लेवींना यातलं काही नाही. तेल नाही, नवे कपडे नाहीत. त्यांच्यावर शुद्धीचं पाणी शिंपडतात, सगळ्या अंगावरून वस्तरा फिरवतात, आणि त्यांनी आपापले कपडे धुवायचे. शब्दही वेगळा, याजकांना पवित्र केलं असं म्हटलंय, लेवींना शुद्ध केलं. अंगावरचे जुनेच कपडे, फक्त धुतलेले. हे वाचताना अण्णांचा तो एकच पांढरा शर्ट आठवतो, शनिवारी रात्री आई धुवायची आणि नीळ देऊन वाळत टाकायची.

त्यानंतर सगळे इस्राएल लोक पुढे येऊन लेवींवर हात ठेवतात. बळीच्या पशूवर अर्पण करणारा हात ठेवतो, तसे. मग अहरोन त्यांना परमेश्वरासमोर ओवाळतो. मराठी शास्त्रात हाच शब्द आहे, ओवाळणी. हिब्रूतला तेनूफा म्हणजे हातावर धरून देवापुढे हलवलेलं अर्पण, धान्याची पहिली पेंढी, पशूचा ऊर, तसं इथे माणसांना ओवाळलंय. ज्यू परंपरा कौतुकाने सांगते की अहरोनाने एका दिवसात बावीस हजार माणसं अशी उचलली. आणि त्यानंतर लेवी स्वतः दोन गोऱ्ह्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. लोकांचे हात लेवींवर, लेवींचे हात गोऱ्ह्यांवर. म्हणजे लेवी नुसते नोकर नव्हेत, अर्पण तेच आहेत, फक्त वेदीवर न जाता जिवंत राहिलेलं. त्यांच्यासाठी मजकुरात दोनदा लागोपाठ शब्द येतो, नेतुनीम नेतुनीम, दिलेले, दिलेले.

दिलेल्या माणसांनी करायचं काय, तर ओझी वाहायची. आणि इथे ते इतकं बारीक लिहिलंय की मंडप घालणाऱ्या माणसालाच त्याची गोडी कळावी. कहाथाकडे कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, समर्पित भाकरीचं मेज, दीपवृक्ष, वेद्या. पण त्यांनी या वस्तू उघड्या बघायच्या नाहीत, हात लावायचा नाही, नाहीतर मरतील. याजक आधी आत जाणार, मधला पडदा उतरवून तोच कोशावर घालणार, त्यावर कातड्याचं आच्छादन, त्यावर पूर्ण निळं वस्त्र, दांडे अडकवणार, मग कहाथाची माणसं येऊन खांद्यावर घेणार. पितळेच्या वेदीची राख काढून तिच्यावर जांभळं वस्त्र. गेर्षोनाकडे पडदे, कनाती, छत. मरारीकडे फळ्या, खांब, बैठका, मेखा, तणावे. पुढे सरदारांनी सहा छकडे आणि बारा बैल दिले, ते मोशेने कसे वाटले बघा: गेर्षोनाला दोन छकडे चार बैल, मरारीला चार छकडे आठ बैल, कारण लाकूड नि बैठका जड. कहाथाला एकही नाही. सगळ्यात पवित्र जे आहे ते गाडीवर घालायचं नाही, खांद्यावरच न्यायचं. दावीदाच्या काळात कोश नव्या गाडीवर घातला, बैल अडखळले, उज्जाने सावरायला हात लावला आणि तो जागीच मेला.

मरारीच्या कामात एक वाक्य आहे, अण्णा ते दोनदा वाचायचे. त्यांनी उचलायच्या वस्तू नावाने नेमून द्या. कोशाच्या बाबतीत नव्हे, दीपवृक्षाच्या बाबतीत नव्हे, मेखा आणि तणाव्यांच्या बाबतीत. कोणती मेख कुणाची. सोन्याची वस्तू हरवली तर दहा जण शोधतील, मेखेला कुणाचं तरी नाव लागतं.

आता जे मला टोचतं तेही लिहिते, नाहीतर हे सगळं खोटं होईल. हे काम जन्माने ठरलेलं होतं. लेवीच्या पोटी आलास म्हणून वाहायचं, अहरोनाच्या पोटी आलास तर आत जायचं. कोरह नावाचा कहाथ घराण्यातलाच लेवी उभा राहतो, २५० पुढारी घेऊन, आणि विचारतो की अख्खी मंडळी पवित्र आहे, प्रत्येक जण, मग तुम्हीच का वर? जमीन त्याला गिळते, असं शास्त्र सांगतं. आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले त्याआधी आमच्या घराण्याला गावकीची कामं पिढ्यान्‌पिढ्या लावून दिलेली होती, वेशीबाहेर राहून, खळ्यावर मिळेल त्या बलुत्यावर. म्हणून कोरहाचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही, त्याच्या मनात काय होतं हे देव जाणे, पण प्रश्न खरा आहे. लेवींनाही जमीन नव्हती. त्यांना लोकांच्या उत्पन्नाचा दशांश, राहायला ४८ गावं, वतन काही नाही. फरक मला दिसतो तो असा की त्यांना दूर ठेवलं नव्हतं, तंबूला सगळ्यात लगटून त्यांचीच घरं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या जागी उभे आहेत हे प्रत्येक घराला माहीत होतं. आमच्या पणजोबांच्या डोक्यावर गावातल्या कुणी हात ठेवला नाही. तरी जन्माचं बंधन ते बंधनच, माझ्या मनाचं त्याच्याशी समाधान झालेलं नाही. आणि हेही खरं की या मोजणीत एकही मुलगी नाही. थोरला तो जो आईची कूस उघडतो, पण ती आई कुठल्याच आकड्यात नाही.

बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे की हे अध्याय आज आहेत त्या रूपात याजक घराण्यांतल्या लेखकांनी बाबेलच्या बंदिवासाच्या, म्हणजे लोकांना बाबेलला पकडून नेलं होतं त्या काळाच्या सुमारास किंवा त्यानंतर लिहिले. इसवी सनापूर्वी ५८६ मधे यरुशलेमचं मंदिर जळालं, कोश गेला, दीपवृक्ष गेला. असं असेल तर विचार करा, वाहायला काहीच उरलेलं नसताना कुणीतरी परमुलखात बसून लिहितंय की मेखा मरारीकडे, नावाने. परत येणाऱ्यांची यादी एज्राच्या पुस्तकात आहे. याजक ४,२८९. लेवी ७४. बावीस हजारांचे चौऱ्याहत्तर! पुढे एज्रा हा शास्त्री स्वतः परत यायला निघाला तेव्हा अहवा नदीकाठी तीन दिवस मुक्काम टाकून त्याने लोक तपासले तर त्यात एकही लेवी नाही. त्याने माणसं पाठवून शोधून आणले, ३८ मिळाले, आणि सोबत मंदिराचे २२० सेवक, नथीनीम, म्हणजे पुन्हा तेच, दिलेले. त्या सगळ्यांची नावं नोंदलेली होती असं एज्रा आवर्जून सांगतो.

वयाची वरची मर्यादाही सांगायची राहिली. पन्नासाव्या वर्षी लेवीने कष्टाचं काम सोडायचं. पण घरी पाठवत नाहीत त्याला. आठव्या अध्यायाच्या शेवटी आहे की त्याने दर्शनमंडपात, म्हणजे त्याच तंबूपाशी, आपल्या भावांबरोबर राखण करावी, ओझं मात्र उचलू नये. अण्णांचे गुडघे गेल्यावर चर्चने दुसरा तरुण सेवक ठेवला, पगार त्याला. अण्णा तरी रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन दाराशी खुर्चीवर बसायचे. येणाऱ्या प्रत्येकाला सलाम करायचे आणि उपासना सुरू व्हायच्या आत त्यांना माहीत असायचं की आज कोण आलेलं नाही. दुपारी त्यांच्याकडे चक्कर मारायला मला पाठवायचे. शेवटच्या वर्षात नावं विसरायला लागले तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त त्रास त्याचा झाला, गुडघ्यांचा नाही.

१ ते ५ मार्चला आमची फेरतपासणी होती. मधल्या दिवसांत कुठे जन्म झाला का, कुठे कुणी गेलं का, हे बघून आकडा पक्का करायचा. त्या वस्तीकडे जाताना माझे पाय जड झाले होते, शून्य लिहिलेली ती ओळ खोडायला लागू नये एवढंच मनात. आजी ओट्यावरच होती. मला बघून उठली, काही विचारायच्या आधीच म्हणाली, "आता धरा. म्हैना झाला. परवा नाव ठेवलं."

नियमात होतं की नाही ते मी बघितलं नाही, बाळ हा शब्द खोडून वर नाव लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "लिवलं?" म्हणाली. लिहिलं आजी. मग ती आत गेली, सुनेच्या मांडीवरून नात उचलून घेऊन आली, एक हात पाठीखाली, दुसऱ्या हाताने तिचं डोकं सावरून वर धरलं, आणि म्हणाली, "बघून घ्या बाई."